चाक फिरतंय, पण दळण होतंय का?

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरला जाणारी मंडळी वेरूळला अर्धा दिवस देतात, बीबी का मकबऱ्याला तास-दोन तास देतात आणि पाणचक्कीला वीस मिनिटं. हौदात पडणारी पाण्याची धार बघायची, जुन्या वडाखाली थोडं टेकायचं, फोटो काढायचे की निघायचं. चक्की कशी चालते हे बघायचं राहूनच जातं. खरं तर त्या आवारात सगळ्यात जास्त वेळ तिलाच द्यायला हवा. ही पोस्ट त्यासाठीच आहे. हिमाचल किंवा उत्तराखंडात फिरायला जाणाऱ्यांना तिथल्या ओढ्यांवरची घराटं, म्हणजे पाण्यावर चालणाऱ्या छोट्या चक्क्या, बघतानाही ती उपयोगी पडेल, कारण दोन्हीकडे यंत्र एकाच जातीचं आहे.

पाणचक्कीत सगळे आधी चाक बघतात. चाक हा तिचा एक छोटा भाग. पाणी कुठून येतं, किती उंचीवरून पडतं, दगडाचं तोंड, म्हणजे दळणारी बाजू, कशी आहे आणि शेवटी पीठ कसं निघतं, या क्रमाने बघितलं तर जीर्णोद्धार खरोखर चक्कीचा झालाय की फक्त देखाव्याचा, हे तासाभरात कळतं.

आधी पाणी. आपल्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरी-त्र्यंबकेश्वरला धो धो पाऊस पडतो, तरी गावोगाव पाणचक्क्या का झाल्या नाहीत? चक्कीला दोन गोष्टी एकाच जागी लागतात: बारमाही वाहतं पाणी आणि त्याला पडायला उंची. सह्याद्रीच्या उतारावर उंची भरपूर, पण तिथले ओहोळ हिवाळा सरता सरता आटतात. खाली निफाडच्या सपाटीवर नदीत पाणी टिकतं, पण तिथे ते पडणार कुठून? म्हणून आपल्याकडे घरोघरी जातं राहिलं आणि पुढे थेट इंजिनाची गिरणी आली.

संभाजीनगरच्या पाणचक्कीने ही अडचण नहरीने, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या नळवाटेने, सोडवली. निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली, तेव्हापासून त्या शहराला डोंगरातलं पाणी जमिनीखालून आणायची सवय होती. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्कीही तशाच एका नहरीवर चालायची. तिथे येणाऱ्या फकिरांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी धान्य दळलं जाई. काही किलोमीटर दूरच्या झऱ्याचं पाणी खापराच्या नळांतून येतं आणि शेवटी भिंतीच्या आतून वर चढून उंचावरून हौदात पडतं. कुठेही पंप नाही. झरा भिंतीच्या माथ्यापेक्षा उंच आहे, त्यामुळे बंद नळातलं पाणी आपल्या पातळीकडे चढतं. उंच भिंतीचं काम शोभेचं नाही. एवढ्या लांबून सांभाळून आणलेली उंची एका जागी खर्च करता यावी म्हणून ती आहे.

या नळांची काळजी घेणं हे चक्की सांभाळण्यापेक्षा अवघड काम. नळ उंचवट्यावरून जातो तिथे हवा अडकते आणि पाणी अडतं. खोलगट जागी गाळ बसतो. शिवाय खापराला दाब सोसत नाही, जास्त झाला की सांधे फुटतात. म्हणून ठरावीक अंतरावर उभे मनोरे बांधायचे. त्यातून हवा सुटते, दाब तुटतो आणि आत उतरून गाळ काढता येतो. पुण्यात कात्रजहून आणलेल्या पेशवेकालीन पाण्यालाही असेच मनोरे आहेत, तिथे त्यांना उच्छ्वास म्हणतात. संभाजीनगरात हिंडताना रस्त्याकडेला एखादा दगडी-विटांचा उभा खांब उगाच उभा दिसला, तर तो अशाच एखाद्या नहरीचा असण्याची शक्यता मोठी. आज या नहरींना सगळ्यात मोठा धोका झाडांच्या मुळांचा आणि नव्या बांधकामांच्या पायांचा. वड-पिंपळाचं केसाएवढं मूळ सांध्यातून आत शिरतं आणि पाणी मिळालं की नळभर फोफावतं. वरून सगळं ठाकठीक, आत धार निम्मी. जीर्णोद्धारात भिंती घासून स्वच्छ केल्या आणि नळ तसाच सोडला, तर उन्हाळ्यात हौद कोरडा पडणारच.

गाळाची ताकद बघायची असेल तर वाट थोडी वाकडी करून निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरला थांबा. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा तो बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. मागच्या जलाशयात इतका गाळ साठला की उथळ पाणथळ तयार झाली, पक्षी आले, आणि २०२० मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरली. पक्ष्यांसाठी ते उत्तमच झालं. पण नळात किंवा चक्कीच्या पाटात तोच गाळ बसला तर दळण थांबतं. म्हणून चांगल्या चक्कीत पाणी चाकावर पडण्याआधी एक निवळ-हौद असतो आणि त्याच्या तोंडाशी पालापाचोळा अडवणारी जाळी. जाळी रोज साफ करावी लागते. ती कचऱ्याने भरलेली दिसली, तर ही चक्की रोज चालत नाही हे तिथेच ओळखायचं.

आता हिशेब, कारण त्याशिवाय चक्कीची गंमत अर्धीच कळते. ताकद काढायची रीत सोपी: दर सेकंदाला किती लिटर पाणी, गुणिले किती मीटर उंची, गुणिले ९.८१. उत्तर वॅटमध्ये येतं. उघड्या पाटात पाणी मोजायला लाकडाचा ढलपा किंवा संत्र्याची साल पुरते. समजा पाट ४० सेंटिमीटर रुंद, पाणी २० सेंटिमीटर खोल आणि सालीला ५ मीटर जायला ८ सेकंद लागले. वरचं पाणी तळातल्यापेक्षा वेगाने वाहतं, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणायचं. सेकंदाला साधारण ४२ लिटर पाणी भरतं. ते ३ मीटरवरून पडलं तर पाण्यात सव्वाबाराशे वॅटच्या आसपास ताकद असते. साध्या आडव्या चाकाला त्यातली पाव हिस्सा मिळाली तरी ठीक म्हणायचं, म्हणजे ३०० वॅट. धडधाकट माणूस तासन् तास काम करताना ७० ते ७५ वॅट देतो. म्हणजे दिसायला एवढा खटाटोप, आणि जात्यावर चार माणसं बसवल्याइतकं काम. फरक एवढाच की ही चार माणसं थकत नाहीत आणि रात्रीही थांबत नाहीत. पहाटे उठून दोन-तीन तास जातं ओढणाऱ्या बायकांचा विचार केला, की या ३०० वॅटचं मोल लक्षात येतं.

चाकाकडे वळू. युरोपातल्या चित्रांमध्ये दिसणारं मोठं उभं चाक इथे शोधू नका. आपल्याकडच्या पाणचक्कीचं चाक आडवं असतं आणि दळणाच्या खोलीच्या खाली बसवलेलं असतं, त्यामुळे वाकून बघावं लागतं. उभ्या चाकाचं फिरणं आडव्या दगडापर्यंत न्यायला दात्यांची चक्रं लागतात. आडव्या चाकाला काहीच लागत नाही. चाकातून निघालेला उभा दांडा सरळ वर जातो आणि वरचा दगड फिरवतो. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. मोडण्यासारखे भाग थोडे, म्हणून गावच्या सुताराला आणि लोहाराला ती दुरुस्त करता येते.

पाण्याची धार तिरक्या पात्यांवर बसायला हवी, आणि एका कडेला. मध्यावर बसली तर चाक थरथरतं, फिरत नाही. ३ मीटरवरून पडणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला ७.७ मीटरच्या आसपास असतो. पातं त्याच्या साधारण निम्म्या वेगाने पळालं तर पाण्याकडून सगळ्यात जास्त काम निघतं. चाकाचा व्यास १ मीटर धरला तर मिनिटाला ७० फेऱ्यांच्या जवळपास. मोबाइलवर मिनिट लावून फेऱ्या मोजा. चाक त्यापेक्षा कितीतरी जोरात भिरभिरत असेल, तर त्याच्यावर दगडाचा भार नाही. अशी चक्की फक्त दाखवायला चालते.

पावसाळ्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो: पाणी तुफान आहे, तरी चक्की बंद का? पूर आला की चाकाखालून पाणी निघून जायची वाट तुंबते. खालची पातळी चाकापर्यंत चढते आणि चाक पाण्यात बुडून जड होतं. वरून कितीही पाणी आलं तरी पडायची उंचीच उरत नाही. म्हणून जाणकार माणूस चाकाखालचा मोरीसारखा मार्ग आधी बघतो. तो उतरता, मोकळा आणि गाळाशिवाय हवा. उलट उन्हाळ्यात दुखणं वेगळं. चाक लाकडाचं असेल तर ते महिनोन् महिने कोरडं राहून तडकतं, एका बाजूला वाकतं आणि पुढे फिरताना दांड्याला हिसके देतं. रोज थोडा वेळ तरी ओलं राहिलं तर असं चाक वर्षानुवर्षं टिकतं. बंद ठेवलेल्या चक्क्या चालत्या चक्क्यांपेक्षा लवकर मोडतात त्या याच कारणाने. लोखंडी पात्यांना हा त्रास नाही, पण पाणी आणि हवा जिथे मिळतात त्या रेघेवर ती गंजून पातळ होतात.

दांड्याच्या तळाशी एक टोक असतं, ते कठीण दगडाच्या किंवा लोखंडाच्या खळग्यात टेकतं. सगळ्या यंत्राचं वजन या एवढ्याशा जागेवर. ते वजन किती? ६० सेंटिमीटर व्यासाचा आणि १५ सेंटिमीटर जाडीचा काळ्या पाषाणाचा दगड सव्वाशे किलोच्या आसपास भरतो. घरातलं ४० सेंटिमीटरचं जातं घेतलं, तर वरचा दगड वीस-बावीस किलोचा. टेकण झिजलं की वरचा दगड हळूहळू खाली बसतो, आवाज बदलतो, पिठात कच येते. म्हणून टेकण एका आडव्या तुळईवर बसवलेलं असतं. तुळईचं एक टोक पक्कं, दुसरं टोक पाचरीने किंवा तरफेने वर-खाली करता येतं. दांडा तुळईच्या मध्यावर असेल तर टोक २ मिलिमीटर उचललं की दगड १ मिलिमीटर उचलला जातो. बारीक पीठ आणि भरड यांच्यातला फरक याच पाचरीत आहे. घरच्या जात्यात हेच काम मधल्या खुंटीवर चिंधी किंवा चामड्याची चकती बसवून करतात. डाळ भरडायची असली की दगड किंचित उचलायचा.

वरच्या दगडाच्या मधल्या भोकात आडवी बसवलेली पट्टी, म्हणजे माकडी, घरच्या जात्यात असते तशीच पाणचक्कीतही असते, फक्त लोखंडाची आणि दणकट. तिच्यावर दगड तोलला जातो. तोल नीट असेल तर फिरताना कडेची फट सगळीकडून सारखी दिसते. एका बाजूने दगड घासत असेल तर तिथला भाग तुकतुकीत झालेला असतो. पीठही एकाच बाजूने गरम बाहेर येतं.

दगडाचं तोंड बघायला मिळालं तर सोडू नका. वरचा दगड उचलून ठेवलेला असेल तर नशीबच. मध्याकडे तो किंचित खोलगट हवा, म्हणजे अख्खा दाणा आत शिरतो. कडेकडे फट कमी होत होत कागदाच्या जाडीवर येते. मधून कडेपर्यंत टाकीने, म्हणजे छिन्नीने, पाडलेल्या चऱ्या असतात. वरच्या आणि खालच्या दगडाच्या चऱ्या फिरताना एकमेकींना तिरक्या छेदतात, दाणा कापतात, पीठ बाहेर ढकलतात आणि आत हवा खेळती ठेवतात. चऱ्या झिजल्या की दाणा कापला जात नाही, नुसता रगडला जातो. पीठ तापतं आणि त्याला करपट वास येतो. वीजगिरणीतून हाताला चटका बसेल असं पीठ येतं तेव्हा आपण ते परातीत पसरून निववतो. पाणचक्कीचं पीठ कोमट लागावं, फार तर अंगाइतकं. गरम लागलं तर तीन कारणं: चऱ्या बोथट, फट कमी किंवा वेग जास्त.

टाकी लावणं हे कसबाचं काम. टाकारी आणि पाथरवट मंडळी दारोदार फिरून जात्याला टाकी लावून द्यायची. आता हे हात शोधावे लागतात, आणि माझ्या मते पाणचक्की वाचवायची असेल तर पहिला खर्च या कारागिरांवर करायला हवा. चाक कुणीही वेल्डिंग करून देईल. दगडाचं तोंड कुणीही देऊ शकणार नाही.

दगडाच्या निवडीबद्दल नाशिककरांना वेगळं सांगायला नको, आपण सगळेच काळ्या पाषाणावर राहतो. पण त्यातही प्रकार आहेत. एकदम घट्ट पाषाण दळता दळता गुळगुळीत होतो, त्याला सारखी टाकी लागते. बारीक सच्छिद्र दगड झिजला तरी छिद्रांच्या कडा धारदार राहतात, म्हणून तो दळायला चांगला. मात्र छिद्रांत पांढरे स्फटिक भरलेले असतील तर तो दगड नको. नाशिक परिसरातल्या खाणींमधले स्टिलबाइट, अपोफिलाइट असले सुंदर स्फटिक सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात बघावेत, जात्यात नाही. ते पाषाणापेक्षा मऊ असतात, फिरता फिरता सुटतात आणि पिठात कच म्हणून दाताखाली येतात. नवीन दगड किंवा नुकती टाकी लावलेला दगड असेल तर पहिलं दळण कोंड्याचं किंवा टाकाऊ धान्याचं करायचं आणि ते फेकून द्यायचं. कच निघून जाईपर्यंत हे करत राहायचं.

दाणे पडण्याची सोयही बघण्यासारखी असते. वर धान्याची पेटी, तिच्याखाली दोरीने टांगलेली छोटी पन्हळ, आणि पन्हळीला बांधलेली एक काठी जी फिरत्या दगडावर टेकलेली असते. दगड फिरला की काठी उडते, पन्हळ हलते आणि थोडे दाणे पडतात. दगड जोरात फिरला तर दाणे जास्त, हळू फिरला तर कमी. दाण्यांची वैरण आपोआप वेगाप्रमाणे होते. एवढ्या साध्या गोष्टीत एवढी अक्कल क्वचित दिसते. पेटी रिकामी झाली आणि चाक चालूच राहिलं, तर दगडाला दगड लागतो, ठिणग्या उडतात आणि टाकीचं काम काही मिनिटांत वाया जातं. म्हणून दाखवण्यासाठी मोकळी चक्की फिरवणाऱ्यांनी वरचा दगड उचलून ठेवलेला असावा. तो खाली टेकवून रिकामा फिरवत असतील तर आदराने सांगा, कारण नुकसान कायमचं असतं.

धान्य वाळलेलं हवं. ओलावा १२-१३ टक्क्यांपर्यंत असला की छान, त्यावर गेला की चऱ्यांत पीठ लिंपून बसतं. पावसाळ्यात दळायचं तर आधी उन्हाची किंवा चुलीची ऊब द्यावी लागते. बाजरी बेताचीच दळावी. तिच्यात तेल जास्त, पीठ आठवड्याभरात कडवट व्हायला लागतं.

आता बांधकाम. जुनं काम चुन्यात असतं आणि दुरुस्तीही चुन्यातच व्हायला हवी. पाण्याशी संबंध असलेल्या भागात चुन्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी मिसळतात, त्याने चुना ओल्यातही घट्ट होतो. गूळ, हिरडा, बेलफळ घालून चुना घाण्यात रगडायची आपली जुनी पद्धत. सिमेंट लवकर कडक होतं म्हणून ठेकेदाराला सोयीचं, पण ते दगडापेक्षा ताठ असतं. भिंत ओलावा घेते-सोडते तेव्हा सिमेंट हलत नाही, तो ओलावा दगडातून वाट काढतो आणि क्षारांनी दगडाचा पापुद्रा सुटतो. सांध्यात करडी गुळगुळीत रेघ आणि तिच्या बाजूला पापुद्रे निघालेला दगड दिसला, तर कारण तेच. पाणचक्कीच्या आवारात हौदाखालचं दालन नीट बघा. दालनाचं छत हाच हौदाचा तळ आहे, भक्कम खांबांनी पाण्याचा सगळा भार तोललाय. १ मीटर खोल पाणी दर चौरस मीटरला १ टन वजन टाकतं. छताला ओल आहे का, पांढरे क्षार उमटलेत का, हे बघितलं की वरच्या चुन्याची तब्येत कळते.

जायचं कधी? पावसाळा ओसरल्यावर, साधारण सप्टेंबरअखेर ते जानेवारी. झऱ्याला जोर असतो आणि पुराची भीती नसते. नाशिकहून निफाड, येवला, वैजापूर असा रस्ता, सुमारे २०० किलोमीटर. रेल्वेने नाशिक रोडहून मनमाडमार्गे जाता येतं. नांदूरमध्यमेश्वरला थांबायचं असेल तर पहाटे निघा, पक्षीही दिसतील. निघण्याआधी चक्की चालू आहे का, पाणी आहे का, हे फोन करून विचारा. सोबत टॉर्च न्या, चाकाचा भाग अंधारा असतो. मोजपट्टी आणि घड्याळ पुरे. आवारात दर्गा आणि मशीद आहे, त्यामुळे चपला काढायच्या जागी काढा, आवाज बेताचा ठेवा, शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ टाळा. हौदातल्या माशांना पोळी-बिस्किटं टाकू नका, उरलेलं तळाशी कुजतं आणि जाळीत अडकतं. मुलं बरोबर असतील तर निघण्याआधी घरात किंवा शेजारी जातं शोधून त्यांना मूठभर ज्वारी दळायला द्या. खुंटा धरून पाच मिनिटं ओढलं की चक्कीच्या खोलीत उभं राहून त्यांना काय विचारायचं ते आपोआप सुचतं.